कचनारचं सोनं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारीण सोनं घेऊन आली. दरवर्षी येते. आमच्याकडे दसऱ्याचं सोनं वाटत नाहीत हे तिला इतक्या वर्षांत ठाऊक झालं आहे, तरी येते, आणि मीही तिला दारातून परत पाठवत नाही. बाई मनाने चांगली आहे. तिने माझ्या हातावर पानं ठेवली आणि मी सवयीने ती अंगठ्याने चोळून पाहिली. मऊ लागली. म्हटलं, बाई, हा आपटा नाही, कचनार आहे. वर्ध्याच्या बाजारात पोत्यांनी आणून ओततात आणि तुम्ही सोनं म्हणून घेता. त्यावर ती हसली.

"असू द्या हो. चालतं."

मी चहा दिला. बिस्किटाचा पुडा मात्र फोडला नाही.

'चालतं' हा शब्द मला चालत नाही. जन्मभर शाळेत शिकवलं, मुलांच्या तोंडून नाही नाही ते ऐकलं आणि कानाआड केलं. पण आश्विन लागला, पऱ्हाटीचं पहिलं बोंड फुटून कापूस डोकावू लागला, ज्वारीच्या कणसात दूध भरलं आणि सकाळच्या दवात रानाला तो ओलसर, किंचित आंबूस वास यायला लागला, की माझ्या जिभेला धार चढते. लोकांना या दिवसांत झेंडूच्या माळा आठवतात. मला एका माणसाची पाठ आठवते, आणि ती आठवली की मला कुणाचं तरी वाईट करावंसं वाटतं. वय झालं म्हणून हे कमी होईल असं वाटलं होतं. झालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते कमी व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

आमचं गाव तळेगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आमची वस्ती गावाच्या उगवतीला. गावं वसवणाऱ्यांनी हे फार विचार करून ठरवलेलं असतं. पावसाळाभर वारा मावळतीकडून येतो, म्हणजे गावाचा धूर, गावाची घाण, गावाचे वास आमच्यावरून जावेत आणि आमचं काही गावाला लागू नये. दसऱ्याला शिलंगण असायचं. सगळं गाव वाजतगाजत शिवेपर्यंत जायचं, शीव ओलांडायची, तिथे रोवलेल्या आपट्याच्या फांदीची पाटलाने पूजा करायची आणि मग पानं लुटून, सोनं म्हणून एकमेकांना देत, घरी परतायचं. शीव ओलांडायची म्हणजे चार पावलं पलीकडे जाऊन पुन्हा इकडे यायचं. फांदी आणायचं काम आमच्या घराकडे होतं. माझे बाबा डोंगरातून ती तोडून आणायचे, शिवेवर रोवायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे. त्यांच्या पानांचं सोनं अख्खं गाव वाटायचं, त्यांच्या हातावर मात्र कुणी पान ठेवायचं नाही. पान वरून टाकायचे.

माणसं सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्ट साजरे करत होती तेव्हाची ही गोष्ट आहे, हे मी मुद्दाम सांगते.

पंचावन्न सालच्या दसऱ्याला बाबांच्या डोळ्यांत पडदा आला होता. जंगलात त्यांनी सवयीने झाड ओळखलं, फांदी तोडली आणि थेट शिवेवर नेऊन रोवली. आपट्याचं आणि कचनारचं पान दिसायला बहिणी-बहिणीचं, दोन्ही मधोमध दुभंगलेली. पाटील पूजेला वाकला, पान हातात घेतलं आणि सरळ झाला. मी बायकांच्या घोळक्यात, लांब उभी होते. सतरा वर्षांची होते, चौथी शिकलेली होते आणि माझं लग्न ठरायचं होतं. त्याने ती फांदी उपटली आणि तिनेच बाबांना पाठीवर मारलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. पानं गळून खाली पडत होती.

"आंधळ्या," तो म्हणाला, "कचनार हाय हा. देवाले हे चालत नाई. येच सारी पानं."

आणि बाबा खाली बसून पानं वेचू लागले. नजर नीट नव्हती म्हणून जमिनीवर हात फिरवून वेचत होते. सगळं गाव नवी धोतरं नेसून उभं होतं आणि वाट बघत होतं. मग ते पुन्हा डोंगरात गेले, आपटा घेऊन आले, रोवला, "जोहार, मायबाप" म्हणाले आणि लांब जाऊन उभे राहिले. मार मी कदाचित विसरले असते. तो शेवटचा जोहार विसरले नाही.

घरी आल्यावर मायने तेल कोमट करून त्यांच्या पाठीला लावलं. मी पाटलाला शिव्या देत होते. बाबांनी मला गप्प केलं. चूक त्यांचीच होती म्हणाले, देवाचं काम होतं, नीट पाहायला पाहिजे होतं. पुढे वर्षभर ते हेच म्हणत राहिले. मला घेऊन रानात जायचे आणि दोन्ही पानं बोटांनी ओळखायचा सराव करायचे. आपट्याचं जाड, खरबरीत. कचनारचं मोठं, नरम. मी त्यांना फसवायला मुद्दाम पानं बदलून द्यायची आणि ते बरोबर ओळखायचे, आणि ओळखलं की खूश व्हायचे. मला ते बघवत नसे. मार खाल्लेल्या माणसाने मारणाऱ्याची बाजू घ्यावी यासारखं घाण काही नाही. पाटलावर माझा राग होताच, पण त्या वर्षी बाबांवरही होता. त्यांनी एकदा, फक्त एकदा, रागवावं एवढंच मला हवं होतं.

ते रागावत नव्हते म्हणून मी सोय केली. थंडी सरता सरता कुंपणावर खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. वरची ती तांबूस लव अंगाला लागली की माणूस कपडे फाडतो. मी काडीने लव खरवडून पळसाच्या पानात भरली, वरून फडकं बांधलं आणि ती पुरचुंडी छपरात खोचून ठेवली. येत्या दसऱ्याला फांदी रोवायच्या आधी तिच्यावर ती झाडायची. पहिलं पान पाटील तोडतो. दुसरं तोंडाला लावतो. सगळ्या गावापुढे, नव्या धोतरात, पाटील कसा नाचेल ते मी निंदण करताना, दळताना, पाणी भरताना पाहत असे. उन्हाळा आणि पावसाळा मी त्या नाचावर काढला. इतकी सुखी मी त्याआधी क्वचितच होते.

आणि भादव्यात बातमी आली की दसऱ्याला सगळ्यांनी नागपूरला जायचं. दीक्षा घ्यायची. पांढरे कपडे घालायचे. पुलगावच्या गिरणीत कामाला असलेला माझा चुलतभाऊ सांगत आला आणि वस्तीत आनंदाने बायका रडायला लागल्या. मी पण रडले. माझं रडणं वेगळं होतं. नेमका दसऱ्याच्या दिवशीच? वर्षभर सांभाळलेला माझा सूड कोण घेणार? मी म्हटलं मी घरीच राहते, म्हातारी माणसं आहेत, गुरं आहेत. बाबा म्हणाले, म्हातारी पण येणार आहेत आणि गुरं आपली नाहीत.

शेवटी मीही निघाले. पुरचुंडी घरी ठेवली तर कुणाच्या तरी हाताला लागेल असं मी स्वतःला सांगितलं आणि ती कमरेला खोचली. खरं म्हणजे मला ती सोडवत नव्हती.

त्या प्रवासाबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना मोठं काहीतरी ऐकायचं असतं. मला आठवतो तो मायने धोतराला जास्त घातलेल्या निळीचा रंग. बाबा पांढरे दिसण्याऐवजी आभाळी दिसत होते. भाकरी, ठेचा, कांदे आणि पायाखालची रस्त्याची खडी. कारंज्याला पोहोचलो तेव्हा आमच्यासारख्या पांढऱ्या माणसांची रांग रस्त्याच्या कडेने पुढे दिसेनाशी होईपर्यंत गेलेली होती. धाब्यावर एक सरदारजी ट्रक थांबवून जेवत होता. त्याने म्हाताऱ्यांना ट्रकमध्ये घेतलं, आणि बाबांना दिसत नाही म्हटल्यावर त्यांना पुढे, स्वतःच्या बाजूला बसवलं. मीही त्यांच्याबरोबर चढले. निघायच्या आधी बाबांनी पाणी मागितलं आणि सवयीने ओंजळ करून वाकले, वरून पाणी ओतलं जाईल म्हणून. सरदारजी लोटा हातात धरून नुसता बघत राहिला. त्याला ते समजेना.

"लोटा पकड़ो, बाबा," तो म्हणाला. "गिर जाएगा पानी."

बाबांनी लोटा धरला. ओठ लावायचे की नाही ते त्यांना कळेना. मग लावले, आणि पाणी नाकात गेलं. सरदारजीने त्यांच्या पाठीवर थापटलं. त्याच पाठीवर. मी शिट्टीसारखा श्वास आत ओढला, पण बाबा ठसकत ठसकत हसत होते. पुढच्या रस्त्यात सरदारजी आम्हाला काय काय विचारत राहिला. वरून पाणी का, कोण ओततं, कधीपासून. बाबा सांगत गेले. उतरवून देताना त्याने तो लोटा बाबांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, आता यातून मी प्यायलो तर मला तुमचीच गोष्ट आठवत राहील, तुम्हीच घेऊन जा. तो लोटा अजून माझ्याकडे आहे. पितळेचा, बुडाशी पोचा आलेला.

नागपूरच्या मैदानात आम्ही फार मागे होतो. ज्यांच्यासाठी आलो ते दिसत नव्हते, आवाज मात्र भोंग्यातून येत होता आणि लाखो माणसं तो ऐकायला गप्प झाली होती. आणि तेव्हाच कुणाचा तरी धक्का लागून माझ्या कमरेची पुरचुंडी फुटली. लोक शब्दामागून शब्द म्हणत होते, बाबा हात जोडून म्हणत होते, माय रडत होती, आणि मी पोट, कंबर, मांड्या खाजवत, दात आवळून, उड्या मारायच्या बेतात उभी होते. पाटलासाठी जपलेला नाच मीच नाचणार होते.

शेजारी एक बाई उभी होती, यवतमाळकडची. भागाबाई नाव. तिचा मुलगा पावसाळ्यात गेला होता, त्याला इथे यायचं होतं म्हणून ती त्याचं पांढरं धोतर लुगड्यासारखं नेसून एकटी आली होती. सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, काय ते ओळखलं, आणि माझा हात धरून मैदानाच्या कडेला ओढत नेलं. बैलगाड्या सोडल्या होत्या तिथलं शेण घेऊन तिने माझ्या पोटावर, कमरेवर थापलं. दीक्षेच्या दिवशी मी शेणाने माखून बसले होते. तिने विचारलं, कोणासाठी आणली होती. मी सगळं सांगितलं, फांदी, पाठ, जोहार, सगळं. मला वाटलं आता ही मला उपदेश करील. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, गदगदून हसली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा हसले ग.

शेण वाळेपर्यंत ती माझ्याजवळ बसून राहिली. उठताना म्हणाली, "सूड घ्या नं, बाई. घ्यालेच पायजे. पन आपल्याले खाज येते तो कोनता सूड?"

ती मला पुन्हा कधी भेटली नाही. मला माझ्या शाळेत, नंतर, पुस्तकं पुष्कळ भेटली. इतकं कामाचं वाक्य एकातही नव्हतं.

परत येताना आम्ही चालतच आलो. शिवेवर पोहोचलो तेव्हा दसरा होऊन गेलेला, पण रोवलेली फांदी तिथेच होती. सुकलेली, अर्धी लुटलेली. आम्ही नव्हतो तरी गावाने शिलंगण केलं होतं. बाबा थांबले. सवयीने एक पान तोडून त्यांनी बोटांत चोळलं, मग दुसरं चोळलं, मग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं, कचनार.

तेवढ्यात पाटील शेतावरून येत होता. आम्हाला पाहून उभा राहिला. जोहाराची वाट पाहत असावा. बाबा वाकले नाहीत. मला वाटतं, ते ठरवूनही नव्हतं, हातात पान होतं आणि मन पानात होतं म्हणून राहून गेलं. पाटील म्हणाला, सणाच्या दिवशी गाव टाकून गेलात, गड्याला जंगलात पाठवावं लागलं, त्याला झाड सापडेना, मुहूर्त टळत होता. बाबा त्याच्याकडे पान धरून म्हणाले,

"पाटील, हे तं कचनार हाय."

आजवर ते 'पाटीलबाबा' म्हणत. पाटलाने पानाकडे पाहिलंही नाही.

"मालूम हाय मले. एखांद्या वर्षी चालते."

आणि तो निघून गेला. त्याच्या दृष्टीने ते एवढंच होतं. त्याने ते पान ओळखलं होतं, ओळखून त्याची पूजा केली होती, सोनं म्हणून ते गावाला वाटलं होतं, आणि गावानेही ओळखून घेतलं होतं. देव रागावला नव्हता. गड्याच्या पाठीवर एक रेघ उठली नव्हती.

बाबा तिथेच उभे होते. त्यांचा हात हळूहळू मागे गेला आणि पाठीवर, जिथपर्यंत पोहोचेल तिथपर्यंत, फिरला. माय म्हणत होती चला, ऊन चढतं आहे. ते माझ्याकडे वळून म्हणाले,

"गंगे, म्हंजे मले मारलं ते पानासाठी नाई."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्षभर मी ज्याची वाट पाहत होते ते त्या चेहऱ्यावर आलं होतं. मी समजत होते की राग आला की माणूस ओरडतो, लाल होतो. बाबांचा राग फार शांत होता. ते ताठ झाले, एवढंच. वाकलेला माणूस ताठ झाला की तो किती उंच आहे हे घरच्यांनाही नव्याने कळतं. मायने तर पदर सावरला.

पाटलाचं काय बदललं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. त्याच्या गावातली माणसं एका दिशेने गेली आणि दुसरीच माणसं परत आली, हे त्याला दिसलं असेल की नाही कोण जाणे. वस्तीत ठरलं की मेलेली गुरं ओढायची नाहीत, फांदी आणायची नाही, जोहार म्हणायचा नाही. मग आमची कापूस वेचणीची मजुरी बंद झाली, विहीर बंद झाली, दुकानातून मीठ मिळेना. आम्ही तळेगावच्या बाजारातून मीठ आणलं आणि कारंज्याकडे संत्र्याच्या बागांत कामाला गेलो. ते दिवस सोपे होते असं मी म्हणत नाही. पण बाबांनी एकदाही 'चूक आपली' म्हटलं नाही, आणि मला तेवढं मीठ पुरत होतं.

मग थंडी पडली, आणि ऐन वेचणीच्या दिवसांत पाटलाचा मोठा बैल गोठ्यात मेला. पांढरा, उंच, पोळ्याला गावात सगळ्यांत पुढे असायचा. आधी त्याने निरोप पाठवला. मग गडी पाठवला. मग दुसरा. कुणी गेलं नाही. बैल फुगला. गोठा घराला लागून होता.

शेवटी एका सकाळी पाटील स्वतः आला. त्या गावात कुणी आठवू शकेल इतक्या काळात पाटील आमच्या वस्तीत पायी आला नव्हता. तो वस्तीच्या तोंडाशी थांबला, उपरणं नाकाला लावून. वास आमच्याकडे नव्हता, तरी त्याच्या कपड्यांत तो भरून आला होता. बाबा दारात उन्हाला बसून सरदारजीच्या लोट्यातून पाणी पीत होते. पाटील म्हणाला, "किसन्या," आणि मग थांबून, पहिल्यांदाच, "किसन. घरात बसवत नाई. जेवन जात नाई कोनाले. तुमी लोकं असं काऊन करून राह्यले?"

बाबा उठले नाहीत. त्यांनी पाणी संपवलं, लोटा खाली ठेवला. मी दाराआड होते आणि माझ्या अंगाला कुठेही खाज येत नव्हती.

"राहू द्या, पाटील," ते म्हणाले. "एखांद्या वर्षी चालते."

पाटलाच्या नाकावरचं उपरणं खाली आलं, आणि त्याची नजर बाबांच्या तोंडावरून त्यांच्या पाठीकडे गेली. त्याला आठवलं. ते मी पाहिलं, आणि ते पाहिल्याचं सुख अजून माझ्याजवळ आहे, त्या लोट्याइतकंच जपून ठेवलेलं. मग तो वळला आणि आला तसा परत गेला.

आश्विनानंतर आमच्याकडे वारा फिरतो, उगवतीकडून वाहू लागतो. तो दिवसभर आमच्या वस्तीवरून, चुलींच्या धुरासकट, पाटलाच्या घराकडे वाहत राहिला.